एक्स्चेंज झालंच नाही म्हणण्याआधी पहिलं पीक कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही नाशिकला पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहात. पोटॅशियम कॅल्शियम नायोबेट, म्हणजे एका पोटॅशियममागे दोन कॅल्शियम, तीन नायोबियम आणि दहा ऑक्सिजन असलेला थरांचा पेरोव्स्काइट, ११५० अंशांवर १२ तास भाजून केलात. त्यातली १ ग्रॅम पावडर १०० मिली ५ मोलर नायट्रिक आम्लात २४ तास ढवळली, गाळली, धुतली आणि रात्रभर ओव्हनमध्ये १२० अंशांवर ठेवली. पुण्याहून १० ते ८० अंश कोनांचा एक्सआरडी (पावडरीवर क्ष-किरण टाकून ते कोणत्या कोनाला किती परततात त्याचा आलेख, त्यातला प्रत्येक टोकदार उंचवटा म्हणजे एक पीक) करून आणलात तर आधीचा आणि नंतरचा आलेख जवळजवळ एकच. गाईड म्हणाले, एक्स्चेंज झालेलं नाही, म्हणजे पोटॅशियम बाहेर पडून त्याच्या जागी आम्लातला प्रोटॉन (हायड्रोजनचा आयन) आलेला नाही. आता संहत आम्ल घेऊन ९० अंशांवर उकळावं का, असं तुम्ही विचारताय. शिवाय तुमच्या मैत्रिणीचं पोटॅशियम-लँथॅनम टायटनेट पातळ आम्लातसुद्धा एका दिवसात बदललं, मग माझंच का नाही, हाही प्रश्न आहे.

माझं स्पष्ट मत असं की आम्लाची तीव्रता वाढवू नका. तुमचं एक्स्चेंज बहुधा झालेलं आहे. ते दिसत नाही, कारण जे बघायचं ते १० अंशांच्या खाली होतं, आणि जो फरक वरही दिसला असता तो ओव्हनने पुसून टाकला. हे मी पावडर हातात न घेता म्हणतोय, म्हणून खाली पडताळणीही सांगतो. नाशिकच्याच अंबडला गेली बावीस वर्षं मी सिरॅमिक पावडरींचंच काम करतोय, आणि थरांच्या ऑक्साइडांमध्ये ही गल्लत मी इतक्यांची पाहिली आहे की तुम्हाला सविस्तर लिहावंसं वाटलं.

सुरुवात रचनेपासून करू, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. साध्या पेरोव्स्काइटमध्ये धातूभोवती सहा ऑक्सिजनांचे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून तिन्ही दिशांना पसरलेले असतात आणि मधल्या पोकळीत मोठा आयन बसतो. हे घर बंद असतं, त्यातून सहजासहजी कोणी बाहेर पडत नाही. थरांच्या पेरोव्स्काइटमध्ये हीच इमारत ठराविक मजल्यांनंतर आडवी कापलेली असते. तुमच्या नायोबेटमध्ये तीन मजल्यांची एक लादी, मग पोटॅशियमचा एक पातळ थर, मग पुन्हा तीन मजले. कॅल्शियम लादीच्या आत आहे, बारा ऑक्सिजनांनी वेढलेला. पोटॅशियम दोन लाद्यांच्या मधल्या फटीत आहे. म्हणून आम्लात पोटॅशियम सुटतो आणि कॅल्शियम जागचा हलत नाही. या एका वाक्यावर तुमचा अख्खा प्रयोग उभा आहे.

या कुटुंबात तीन घराणी आहेत. लाद्यांच्या मध्ये बिस्मथ-ऑक्सिजनचा थर असलेलं ऑरिव्हिलियस घराणं १९४९ चं. दोन लाद्यांच्या मध्ये, लादीच्या एका सूत्रामागे दोन क्षारीय आयन असले तर रडल्सडेन-पॉपर, १९५७-५८ मधलं. आणि एकच असला तर दिओं-जेकबसन, १९८१ आणि १९८५ च्या कामातून पुढे आलेलं. तुमचं नायोबेट तिसऱ्या घराण्यातलं आहे, मैत्रिणीचं टायटनेट दुसऱ्यातलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोपालकृष्णन यांनी १९८७ साली पोटॅशियम-लँथॅनम टायटनेटचं हे कुटुंब आणि त्यातला आयन विनिमय दाखवला. तुमच्या मैत्रिणीने तो लेख वाचला नसेल तर अवश्य वाचावा.

घराण्याचा फरक नुसता नावापुरता नाही. दिओं-जेकबसनमध्ये फटीतला विद्युतभार अर्धा असतो, त्यामुळे लाद्या एकमेकींना कमी घट्ट धरून ठेवतात. प्रोटॉन आत गेला की तो पदार्थ बऱ्यापैकी तीव्र आम्लासारखा वागतो, अमाइन (नायट्रोजन असलेले सेंद्रिय अल्क) सहज आत घेतो आणि शेवटी लाद्या सुट्यासुद्धा होतात. रडल्सडेन-पॉपरमध्ये भार दुप्पट, प्रोटॉनही दुप्पट, पण ते सौम्य आम्ल. तिथे अमाइन आत घालायला घाम फुटतो.

आता लाद्या एकमेकींवर कशा बसतात ते. पिंपळगावच्या मार्केटमध्ये टोमॅटोचे क्रेट रचलेले आठवा. कोपऱ्यावर कोपरा येईल असे रचता येतात, किंवा वरचा क्रेट अर्धा सरकवूनही ठेवता येतो. फटीत सीझियमसारखा मोठा आयन असला की लाद्या कोपऱ्यावर कोपरा बसतात आणि सीझियमला आठ ऑक्सिजनांची खोली मिळते. पोटॅशियम त्या खोलीला लहान पडतो, म्हणून लाद्या एका दिशेने अर्ध्या सरकतात. सोडियम आणखी लहान, तिथे दोन्ही दिशांनी अर्धं सरकणं होतं. प्रोटॉन आला की लाद्या पुन्हा सरळ एकीवर एक येतात. म्हणजे एक्स्चेंज झालं की फटीची उंची बदलते आणि रचण्याची पद्धत बदलते, पण लादी जशीच्या तशी राहते.

लादी जशीच्या तशी राहते, इथेच तुमच्या गाईडांची आणि तुमची दिशाभूल झाली असं मला वाटतं. लादीच्या आडव्या मापाची, म्हणजे सुमारे ३.८५ अँगस्ट्रॉमची (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर), पीक तांब्याच्या क्ष-किरण नळीवर २३ आणि ४७ अंशांच्या आसपास येतात. ती आधीही तिथेच, नंतरही तिथेच. २० अंशांच्या पुढचा आलेख बऱ्याच अंशी सारखा राहिला तर लादी शाबूत आहे असा त्याचा अर्थ, आणि आपल्याला तेच हवं असतं. बदल बघायचा तो थरांच्या अंतराच्या पीकमध्ये, म्हणजे सगळ्यात डावीकडच्या.

आकडे लिहितो, वहीत उतरवून घ्या. पोटॅशियम असताना लादी ते लादी अंतर सुमारे १४.७ अँगस्ट्रॉम, त्याचं पहिलं पीक ६.० अंशांवर. प्रोटॉन आणि सोबत दीड रेणू पाणी आत असताना अंतर सुमारे १६.२, पीक ५.४ ते ५.५ अंशांवर. पाणी घालवून कोरडं केलं की प्रोटॉनवाल्याचं अंतर सुमारे १४.४, पीक ६.१ अंशांवर. १६.२ आणि १४.७ मधला फरक कोणालाही दिसेल. १४.४ आणि १४.७ मधला दिसायला कठीण. तुम्ही रात्रभर १२० अंशांवर ठेवून नेमकं पाणीच काढून टाकलंत, आणि प्रोटॉनवाला पदार्थ पोटॅशियमवाल्याच्या जवळ आणून ठेवलात. वर आलेख १० अंशांपासून सुरू केल्यामुळे पहिलं पीक सापडलंच नाही. त्याच अंतराचं, साधारण दुप्पट कोनाला येणारं दुसऱ्या क्रमाचं पीक १२.० वरून १२.३ ला सरकलं असेल, पण पावडर होल्डरमध्ये अर्धा मिलिमीटर वर बसली तरी तेवढा फरक पडतो, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नसणार.

म्हणून पुन्हा करताना गाळल्यावर पावडर ओव्हनमध्ये घालू नका. खोलीच्या तापमानाला वाळू द्या. एका झाकणाच्या डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे तळाला न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकं, आणि वर जाळीवर उघड्या बाटलीत पावडर दोन दिवस ठेवा. त्या डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकते. हे करायचं कारण आपली हवा. नाशिकला एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेली हीच पावडर पाणी सोडते, जुलैत घेते. एकाच बाटलीतला नमुना मी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजला तेव्हा पहिलं पीक वेगवेगळ्या जागी आलं होतं, आणि पहिल्यांदा मलाही वाटलं की पदार्थ बिघडला. मिठाच्या डब्यातून काढलेला नमुना बाटलीला पॅराफिल्म लावून पुण्याला न्या आणि तिथे सांगा की आलेख ३ अंशांपासून सुरू करा. इतक्या खालच्या कोनाला थेट किरणाचा उजेड येतो, म्हणून ऑपरेटर कुरकुर करतील. अरुंद स्लिट लावायला विनंती करा. पावडरीत चिमूटभर सिलिकॉन मिसळलं तर २८.४४ अंशांवर त्याचं पीक येईल आणि उंचीची चूक दुरुस्त करता येईल.

एक्सआरडीची तारीख मिळेपर्यंत वाट बघायची गरज नाही. गाळून काढलेलं आम्ल तुम्ही फेकलं नसेल अशी आशा करतो. १ ग्रॅम नायोबेटमध्ये पोटॅशियम ७ टक्के, म्हणजे ७० मिलिग्रॅम. सगळा बाहेर आला तर १०० मिली आम्लात लिटरला ७०० मिलिग्रॅम होतो. शंभरपट पातळ केला की ७ पीपीएम (लिटरला ७ मिलिग्रॅम), फ्लेम फोटोमीटरच्या, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्राच्या, अगदी सोयीच्या टप्प्यात. आणि नाशिकला फ्लेम फोटोमीटर शोधायला लांब जावं लागत नाही. द्राक्षाच्या बागांचं माती आणि पानदेठ परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळा पोटॅशियम रोज मोजतात. एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन नीट समजावून सांगा, आम्ल तीव्र आहे हे आधी सांगा, पातळ करून न्या आणि तेवढ्याच आम्लाचं कोरं द्रावण सोबत ठेवा. प्रमाण द्रावणंही त्याच पातळ आम्लात केलेली असावीत.

मात्र एक खबरदारी. पोटॅशियम भट्टीत उडतो म्हणून आपण कार्बोनेट १५-२० टक्के जास्त घालतो. ०.०१ मोलला पोटॅशियम कार्बोनेट ०.६९१ ग्रॅमऐवजी ०.८२९, कॅल्शियम कार्बोनेट २.००२ आणि नायोबियम पेंटॉक्साइड ३.९८७ ग्रॅम, असं माझं वजनाचं गणित असतं. त्यातलं उरलेलं कार्बोनेट पावडरीच्या कडेला तसंच राहतं. ते आम्लात गेलं की फ्लेम फोटोमीटर तोही पोटॅशियम मोजणार आणि तुम्हाला वाटणार एक्स्चेंज शंभर टक्के. म्हणून भाजलेली पावडर एक्स्चेंजच्या आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवायची, धुणीचा पीएच उतरेपर्यंत. नायोबेटला पाण्याने काही होत नाही. टायटनेटचं तसं नाही, त्याचं पुढे सांगतो.

तिसरा पुरावा टीजीएचा, म्हणजे तापवत जाताना वजन किती घटतं ते मोजण्याचा. पूर्ण कोरड्या प्रोटॉनवाल्या पदार्थात दोन सूत्रांमागे एक रेणू पाणी दडलेलं असतं. ते वजनाच्या १.७ टक्के. फटीतलं मोकळं पाणी १०० अंशांच्या आसपास निघून जातं, आणि हे १.७ टक्के बऱ्याच वरच्या तापमानाला, प्रोटॉन स्वतः ऑक्सिजन घेऊन बाहेर पडतो तेव्हा. वक्रात दोन वेगळ्या पायऱ्या दिसल्या आणि दुसरी १.७ च्या जवळ आली, तर एक्स्चेंज पूर्ण आहे. १.० आली तर सुमारे ६० टक्केच झालंय. ईडीएसवर (सूक्ष्मदर्शकात क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणं) मात्र फार विसंबू नका. प्रोटॉन त्याला दिसत नाही, आणि पोटॅशियमची दुसरी रेषा ३.५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, कॅल्शियमची पहिली ३.६९ वर, म्हणजे थोडासा पोटॅशियम शिल्लक असला तर हिशोब डळमळतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खात्री देणारी चाचणी टेट्राब्युटाइल अमोनियम हायड्रॉक्साइडची आहे. प्रोटॉनवाली पावडर पाण्यात घालायची, प्रोटॉनइतक्याच मोलमध्ये हे द्रावण टाकायचं आणि शेकरवर आठवडाभर हलकं हलवत ठेवायचं. एक्स्चेंज झालेलं असलं तर पावडर हळूहळू तळ सोडते, बाटलीभर दुधासारखं द्रव होतं आणि बाटली फिरवली की त्यात रेशमासारख्या चमकदार लहरी उठतात. लादी जाडीला दीड नॅनोमीटरच्या आत असते आणि रुंदीला कितीतरी मोठी, म्हणून प्रवाहात त्या एका दिशेने वळतात आणि तसा उजेड परततो. शेजारी पोटॅशियमवाली पावडर तशाच द्रावणात ठेवा. ती तळाशीच बसलेली राहील. या दोन बाटल्या तुमच्या गाईडांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.

आता संहत आम्ल आणि ९० अंश नको का म्हणतो ते. तुमच्या १ ग्रॅममध्ये पोटॅशियम १.८ मिलिमोल. १०० मिली ५ मोलर आम्लात प्रोटॉन ५०० मिलिमोल, म्हणजे जवळजवळ २८० पट. समतोल तुमच्या बाजूने आधीच झुकलेला आहे, आम्ल तिप्पट तीव्र केल्याने हाती फार लागणार नाही. उशीर होतो तो फटीतून वाट काढायला. कण मोठे असले, भाजताना गोळे घट्ट झाले असले तर आतल्या पोटॅशियमला कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून अगेटच्या खलात नीट घोटा, पण इतकं नको की लाद्याच तुटून आलेख पसरट होईल. मग ढवळणं तीन दिवस, रोज ताजं आम्ल. ताजं आम्ल इथे खबरदारी म्हणून आहे, फरक पडतो तो वेळेने. अतितीव्र गरम आम्लात नायोबेट टिकलं तरी कडा झिजतात, आणि आम्ल उकळताना वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड चांगला नसेल तर तुमच्या छातीला ते परवडणार नाही. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी जोर देऊन सांगतो.

मैत्रिणीच्या टायटनेटबद्दल. तिथे पातळ आम्ल पुरतं, १ मोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तीव्र आम्लात लादीतलं लँथॅनम सुटायला लागतं आणि मग रचनाच ढासळते. तो पदार्थ नुसत्या दमट हवेतूनही पाणी घेतो, आणि पाण्यात ठेवला की थोडाफार प्रोटॉनही आपोआप आत घेतो. म्हणून तिने पाण्याने धुताना हात आवरता घ्यावा आणि भाजून झाल्यावर पावडर डेसिकेटरमध्येच (कोरडी हवा राखणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी. तिचं एका दिवसात झालं म्हणून तुमचंही व्हायला हवं होतं, हा तर्क बरोबर नाही. तिथे फट वेगळी, भार वेगळा, लादीची सहनशक्ती वेगळी.

आणि तिला एक गोष्ट माझ्यातर्फे जरूर सांगा, कारण या चुकीने माझे तीन आठवडे गेले आहेत. एका पावसाळ्यात माझा टायटनेटचा एकही गोळा शुद्ध येईना. दर वेळी एक्सआरडीत कुठली तरी अनोळखी पीक. भट्टी तपासली, क्रुसिबल बदलले, तापमान वाढवलं. शेवटी लँथॅनम ऑक्साइडची बाटली उघडली आणि चमचाभर पावडर भाजून पुन्हा तोलली, तेव्हा वजन चांगलंच उतरलेलं. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी पिऊन हायड्रॉक्साइड होतं, आणि पूर्ण झालं तर ३२६ ग्रॅमचे ३८० होतात. म्हणजे आपण तराजूवर १०० ग्रॅम बघतो आणि त्यात ऑक्साइड ८६ ग्रॅमच असतं. तेव्हापासून दर वेळी ते ९०० अंशांच्या वर भाजून, डेसिकेटरमध्ये गार करून, लगेच तोलायचं हा माझा नेम आहे. पोटॅशियम कार्बोनेटही आधी वाळवूनच घ्यायचं.

पुढे तुम्ही सोडियम किंवा लिथियम घालायचा विचार करत असाल तर तो मार्ग आम्लाचा नाही, वितळलेल्या नायट्रेटचा. सोडियम नायट्रेट ३०८ अंशांना वितळतं, लिथियम नायट्रेट २५५ च्या आसपास. तिथे नायट्रेट दहापट असतं, २८० पट नाही, म्हणून तिथे समतोलाचं गणित खरोखर महत्त्वाचं ठरतं. दोन्ही आयन सारख्याच ओढीचे धरले तर दहापट नायट्रेटमध्ये एका फेरीनंतर अकरावा हिस्सा, म्हणजे ९ टक्के पोटॅशियम आत राहतो. पाण्याने धुवून, वाळवून नव्या नायट्रेटमध्ये दुसरी फेरी केली की तो १ टक्क्याच्या खाली जातो. एकाच फेरीत वीसपट घेतलं तरी जवळजवळ ५ टक्के उरतो. तेवढ्याच नायट्रेटमध्ये दोन फेऱ्या जास्त काम करतात. वितळलेल्या नायट्रेटजवळ गाळणीचा कागद, अल्कोहोल, रबर काहीही नेऊ नका. ते पेट घेतं.

तूर्त नवीन काही भाजू नका. जी पावडर ओव्हनमधून काढली आहे तीच मिठाच्या डब्यात ठेवा, बहुतेक वेळा ती पाणी परत घेते. जपून ठेवलेलं आम्ल असेल तर उद्याच देठ परीक्षणवाल्यांकडे न्या. लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला, तर एक्स्चेंजच्या आधी पावडर पाण्याने धुतली नसेल हे लक्षात घेऊन थोडा वजा करा. उरलेला आकडा आणि ३ अंशांपासूनचा आलेख इथेच टाका, मी बघतो.